मींडेचं बोट धरून

‘काहीतरी वेगळं ऐकायचंय, काय ऐकू?’ असं कुणी विचारलं की आपण त्याच्या हातात प्रकारांची यादी ठेवतो. जॅझ ऐक, ब्लूज ऐक, सूफी ऐक, ते क्यूबाचं काहीतरी असतं ते ऐक. विचारणारा घरी जाऊन मोबाइलवर ‘जॅझ’ टाइप करतो. हजारो गाणी समोर येतात, त्यातलं पहिलंच नेमकं मॉलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसलं गुळगुळीत निघतं, आणि जॅझचं प्रकरण त्याच्यापुरतं कायमचं मिटतं.

म्हणून माझा सल्ला असा, की प्रकार सोडून द्या. तुम्हाला आज जे आवडतं, त्यात नेमकं काय आवडतं ते आधी ओळखा. ठेका आवडतो? गळ्याची फेक? की दोन स्वरांच्या मधली जागा? ती एक गोष्ट धरा आणि ती जगात आणखी कुठे सापडते ते बघत चला. दुसरं काम त्याहून सोपं आहे. रेकॉर्डच्या पाठीवरची नावं वाचायची. पूर्वी ती कव्हरवरच असायची, आता अ‍ॅपमध्ये तीन टिंबांमागे लपवलेली असतात, पण असतात. अ‍ॅप स्वतःहून सुचवतं ते बहुधा तुम्ही कालच ऐकलेल्याचं जुळं भावंड असतं. वादकाचं नाव मात्र तुम्हाला थेट परक्या गावात नेऊन सोडतं.

मराठी कानांसाठी मी जो धागा नेहमी सुचवतो तो मींडेचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं आपल्याला बालपणापासून ओळखीचं आहे. गाण्यातून, सारंगीतून, कीर्तनातल्या व्हायोलिनमधून ते कानावर पडलेलं असतं. हेच काम गिटारवर होतं तेव्हा मजा येते, कारण गिटारच्या पडद्यांनी मुळात स्वरांचे तुकडे करून ठेवलेले असतात.

सुरुवात घरातूनच करा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची रेकॉर्ड अनेकांनी ऐकलेली असेल. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी ही नावं लगेच आठवतात. तिसरं नाव, ब्रिजभूषण काब्रा, सांगताना लोक अडखळतात. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत, हेही फारसं कुणी सांगत नाही. आणि ही रेकॉर्ड ज्यांनी करवून घेतली ते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीत ध्वनिमुद्रिकेवर आणणाऱ्या अगदी पहिल्या गायकांपैकी एक. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत, अशी कल्पना आहे. ती कल्पना थोडा वेळ बाजूला ठेवा आणि या खेपेस फक्त गिटार ऐका. संतूरचा स्वर थेंबासारखा पडतो आणि विरतो. काब्रांचा स्वर तसा पडतच नाही. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून घसरत जाते आणि पडद्यांना कुणी शिवतच नाही. एकाच आघातावर स्वर कितीतरी लांब ओढला जातो.

ही आडवी गिटार आली हवाई बेटांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जोसेफ केकुकू या मुलाने तारेवर पोलादी तुकडा सरकवून वाजवण्याची ही रीत रूढ केली, असं मानतात. टाऊ मो नावाचा हवाईयन गिटारवादक १९४०च्या दशकात आपल्या कुटुंबासह कलकत्त्यात राहिला, आणि मग आपल्याकडे हे वाद्य असं रुजलं की व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या सिनेमाच्या गाण्यांच्या गिटार-रेकॉर्डी लग्नाच्या मांडवापासून गणपतीच्या मंडपापर्यंत सगळीकडे वाजू लागल्या. त्या रेकॉर्डींना नाकं मुरडायची पद्धत आहे. मुरडू नका, एक-दोन ऐका. शब्द नसताना चाल किती टिकते हे तिथे उघड कळतं.

काब्रांवरून पुढे दोन नावं. देबाशिष भट्टाचार्य हे त्यांचे शिष्य, त्यांची ‘कलकत्ता स्लाइड-गिटार’ ऐका. दुसरे विश्वमोहन भट, जयपूरचे. त्यांनी गिटारला चिकारी आणि तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा तयार केली. १९९२मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये त्यांच्यासमोर राय कूडर नावाचा अमेरिकन गिटारवादक येऊन बसला. दोघांची ओळख त्याच दिवशीची. तालीम नाही, कागद नाही. त्या बैठकीची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) ही रेकॉर्ड झाली आणि तिला ग्रॅमीही मिळालं. मला ती ग्रॅमीमुळे आवडत नाही. ‘फ्यूजन’ म्हणून जे आपल्या माथी मारलं जातं, त्यात बहुतेकदा पाश्चात्त्य वाद्यवृंदाला तबल्याची फोडणी दिलेली असते. इथे दोन माणसं एकमेकांचं ऐकतायत. भट आलाप घेतात तेव्हा कूडर मागे सरतो, एखादाच स्वर खाली धरून ठेवतो. मग तो ब्लूजची एक ओळ टाकतो आणि भट ती उचलून तिच्यात गमक भरतात. रेकॉर्डवर चारच तुकडे आहेत. शेवटचा फिजी बेटांवरच्या निरोपाच्या गाण्याचा. नवख्याने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.

आता कूडर हे नाव धरा. माणूस विलक्षण भटक्या. पुढच्याच वर्षी तो मालीच्या अली फार्का तूरेबरोबर ‘टॉकिंग टिंबक्टू’मध्ये (१९९४) सापडतो. अली फार्का नायजर नदीकाठच्या न्याफुंकेचा; शेती करणारा, पुढे त्याच गावाचा महापौर झालेला. त्याची गिटार लागली की पहिल्या मिनिटात वाटतं, हे तर ब्लूज आहे. तो म्हणायचा, उलट आहे, तिकडचं इकडून गेलेलं आहे. आपल्या कानांना मात्र तिसराच भास होतो. षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल निषाद: ब्लूजचा सांगाडाही हाच आणि आपला धानीही हाच. धानीची एखादी ठुमरी किंवा धून आधी ऐका आणि लगेच अली फार्का लावा. भाषा कळत नाही ही तक्रार मग आपोआप मागे पडते. एक सावधगिरी: यातल्या बऱ्याच गाण्यांत एकच आवर्तन सात-सात मिनिटं फिरत राहतं. पुढे काय होणार याची वाट पाहत ऐकलंत तर कंटाळाल. भजनी मंडळात एकच चरण दहा वेळा घोळवला जातो तेव्हा आपण पुढच्या चरणाची घाई करत नाही, तसंच इथेही बसायचं.

अली फार्कावरून कोरा या वाद्याकडे जाणं सोपं आहे, कारण ‘इन द हार्ट ऑफ द मून’ (२००५) या रेकॉर्डमध्ये त्याच्याशेजारी तुमानी जाबाते आहे. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर कातडं मढवलेलं, उभी दांडी आणि एकवीस तारा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्याच चार बोटांवर सगळं चालतं. बाकीच्या बोटांनी वाद्य धरायचं. अंगठे खालचा खर्जाचा धागा सतत विणत राहतात, तर्जन्या वरची चाल वाजवतात आणि मधूनच एक सर्रकन उतरणारी तान पडते. एकटाच माणूस वाजवतोय यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. त्यासाठी तुमानीची ‘कायरा’ (१९८८) ऐका, त्यात दुसरं कुणीच नाही. हे वादक ग्रिओ घराण्यांतले, म्हणजे राजांच्या वंशावळ्या आणि पराक्रम पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणारे. शाहीर आणि भाट ज्या समाजाला माहीत आहेत त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मींड मात्र इथे नाही. कोराचा स्वर संतूरसारखा सुटा पडतो. धागा बदलला तरी बिघडत नाही, आवडलं तर चालत राहा.

कूडरचा पुढचा मुक्काम हवाना. १९९६मध्ये मालीच्या आणि क्यूबाच्या वादकांना एकत्र बसवायचं ठरलं होतं, पण मालीची मंडळी पोहोचूच शकली नाहीत. स्टुडिओ तर घेतलेला. मग शहरातले जुने, बाजूला पडलेले गवई-वादक गोळा केले गेले. कोंपाय सेगुंदो नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. इब्राहिम फेरेर बुटांना पॉलिश करून पोट भरत होते. रुबेन गोन्सालेस यांच्या घरी पियानोदेखील उरला नव्हता. त्यातून ‘ब्वेना विस्ता सोशल क्लब’ (१९९७) झाली आणि जगभर गाजली. ती सगळेच सुचवतात, मीही सुचवतो, पण अर्ध्या मनाने. कारण इतकी वाजली आहे की कॉफीच्या दुकानांनी तिचा वास बिघडवून टाकला आहे. त्याच बैठकीच्या शेपटाला धरून झालेली ‘इंट्रोड्युसिंग रुबेन गोन्सालेस’ अधिक ताजी वाटते. ऐकताना क्लावे शोधा: दोन लाकडी काड्यांचा, दोन बारांत पाच ठोक्यांचा आकृतिबंध. आधी तीन ठोके मग दोन, किंवा उलट. कधी काड्या प्रत्यक्ष वाजतात, कधी वाजत नाहीत, पण सगळे वादक मनात तोच धरून असतात. मांडीवर टिचकी मारत तो सापडला की पुढचं संगीत एकदम उलगडतं. मालीची मंडळी अखेर क्यूबाच्या वादकांबरोबर बसली ती ‘आफ्रोक्युबिझम’ (२०१०) या रेकॉर्डमध्ये.

ज्यांना मींडेपेक्षा रागाचं वातावरण भावतं, त्यांनी वेगळ्या दाराने शिरावं. माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) हे ते दार. त्या काळी जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलत आणि वादकाला त्या बदलांमागे धावावं लागे. डेव्हिस यांनी कॉर्ड जवळजवळ थांबवल्या आणि वादकांना नुसती स्वरपंक्ती दिली: यातच फिरा. पहिला तुकडा ‘सो व्हॉट’ घ्या. सुरुवातीला पियानो आणि बेस लयीशिवाय काहीतरी पुटपुटतात. मग बेस प्रश्न विचारल्यासारखी चाल टाकतो आणि पियानो दोन झटक्यांत उत्तर देतो. पुढच्या फेरीत तेच उत्तर ट्रम्पेट-सॅक्सोफोन देतात. आवर्तन बत्तीस बारांचं. पहिले सोळा बार काफीचे स्वर, मग आठ बार सगळाच काफी अर्धा स्वर वर सरकतो, शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. तो सरकण्याचा क्षण पकडायची सवय लागली की निम्मी लढाई जिंकलीत. मग वादकांचे स्वभाव दिसतात. डेव्हिस मोजके स्वर लावतात आणि मध्ये जागा सोडतात; आमीर खाँसाहेब ज्यांना आवडतात त्यांना इथे करमतं. मागून येणारा जॉन कोल्ट्रेन तानांवर ताना घेतो. त्याच रेकॉर्डवरचा ‘ऑल ब्लूज’ सहाच्या ठेक्यात आहे, मनातल्या मनात दादरा धरून ऐका.

ठेक्याचे शौकीन असाल तर डेव्ह ब्रुबेक यांची ‘टाइम आउट’, तीही १९५९चीच. ‘टेक फाइव्ह’ तीन अधिक दोन अशा पाच मात्रांत, आणि ‘ब्लू राँडो’ नऊ मात्रांत, दोन-दोन-दोन-तीन असे तुकडे पाडून. तो नऊचा ठेका ब्रुबेक यांना १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर मिळाला; त्याच दौऱ्यात ते भारतातही आले होते. झपतालाची सवय असलेल्याला यात काहीच कठीण नाही, आणि दहा वेळा ऐकल्यावर थोडं गोड वाटेल, हेही सांगून ठेवतो.

जॅझला परदेशी म्हणणाऱ्यांनी एकदा गोव्याकडे बघावं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे गोव्याचे वादक आणि संयोजक नसते, तर आपण ज्याला ‘जुनी गाणी’ म्हणतो त्यांचा निम्मा रंग उडाला असता. ‘अलबेला’त (१९५१) चितळकरांच्या सोबतीला ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते, मूळचे हळदोण्याचे, भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जायचे. पण मुख्य शिफारस लॉर्नाची. ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर तिने गायलेली कोंकणी गाणी मिळवा. मागे खणखणीत ट्रम्पेट-सॅक्सोफोन, पुढे लॉर्नाचा तिखट आवाज, आणि शब्द मराठी माणसाला बरेचसे कळणारे. जॅझशी ओळख करून घ्यायला याहून घरगुती वाट मला माहीत नाही.

दक्षिणेकडे बघायचंही आपण टाळतो. ‘ययाति आणि देवयानी’तलं अभिषेकीबुवांचं चारुकेशीतलं पद आपल्याला पाठ असतं, पण चारुकेशी मूळचा कर्नाटकी आहे याचा पाठपुरावा कुणी करत नाही. मींडेच्या प्रवाशाने तिकडे यू. श्रीनिवास यांच्या मँडोलिनपासून शिरावं. त्या टिचभर, पडद्यांच्या वाद्यावर त्यांनी गमकं कशी काढली, हे ऐकल्यावर मग लालगुडी जयरामन यांचं व्हायोलिन आणि त्यापुढे गायकी. लांबलचक रागम्-तानम्-पल्लवी पहिल्याच दिवशी घेऊ नका. पाच-सात मिनिटांची कृती घ्या.

थोडं व्यवहाराचं. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका. त्यातून खर्ज जवळपास येतच नाही, आणि ‘सो व्हॉट’ची चालच मुळी बेसवर आहे, कोराचे अंगठेही गायब होतील. चार-पाचशे रुपयांचे साधे वायरचे इअरफोन पुरतात. शफल बंद करा, रेकॉर्ड ज्या क्रमाने केली त्या क्रमाने ऐका. ‘बेस्ट ऑफ’ शक्यतो टाळा, कारण त्यात वादकांची नावं, वर्षं, ठिकाणं सगळ्यांची सरमिसळ झालेली असते आणि आपला धागाच तुटतो. एखादी रेकॉर्ड एकदा ऐकून सोडू नका. दुसऱ्यांदा वेगळ्या वेळेला, शक्यतो रात्री, पुन्हा लावा. तरीही नाही रुचली तर खुशाल सोडा, कर्तव्य म्हणून संगीत ऐकण्यात अर्थ नाही. आणि ऐकताना तारीख आणि वादकांची नावं एका वहीत टिपून ठेवा. तीच नावं नंतर भलत्याच ठिकाणी भेटतात.

असं एक नाव ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्ससचा आंधळा गायक, देवाची गाणी गाणारा. राय कूडरने ‘पॅरिस, टेक्सस’ (१९८४) या चित्रपटाला जे संगीत दिलं त्याचा आधार म्हणजे जॉन्सनने १९२७मध्ये ध्वनिमुद्रित केलेला एक तुकडा, ‘डार्क वॉज द नाइट’. त्यात शब्द नाहीत. तारेवर सरकणारी मींड आणि तिच्यामागून जाणारं नुसतं गुणगुणणं, तीन मिनिटांचं. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर जगभरचे सत्तावीस तुकडे आहेत, त्यात हाही आहे. आणि त्याच्या लगेच आधी, पंचविसावा तुकडा, आपल्या केरीच्या केसरबाई केरकर. भैरवी, साडेतीन मिनिटं. चोविसावा चीनच्या ग्वान पिंगहू यांचा गुचिन या सात तारांच्या वाद्यावरचा. त्याला पडदेच नाहीत, डाव्या हाताची बोटं तारेवर घासत जातात आणि स्वर ओढला जातो. म्हणजे चीन, गोवा आणि टेक्सस, तिघांची मींड ओळीने. या तबकडीवरचं संगीत सहज मिळतं. निदान हे तीन तुकडे आणि त्यानंतरचा सत्ताविसावा, असे चार एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐका. वीसेक मिनिटांचं काम आहे.

सत्ताविसावा बेथोव्हनचा, तेराव्या स्ट्रिंग क्वार्टेटमधला ‘कावातीना’ हा भाग. पाश्चात्त्य अभिजात संगीताला बिचकणाऱ्यांनी भल्यामोठ्या सिंफनीऐवजी इथूनच सुरुवात करावी, कारण वादक चारच आहेत आणि चौघांचं वेगवेगळं ऐकू येतं. मध्ये एके ठिकाणी खालची तिन्ही वाद्यं एकसारखी धडधडत राहतात आणि वर पहिलं व्हायोलिन श्वास कोंडल्यासारखं अडखळत वाजतं. बेथोव्हनने तिथे तशीच सूचना लिहून ठेवली आहे. तेवढं आवडलं तर पुढे संपूर्ण क्वार्टेट, ऑपस १३०, घ्या. फक्त विकत किंवा उतरवून घेताना शेवटचा भाग कोणता आहे ते बघा. मूळ शेवट ‘ग्रोसे फ्यूग’ इतका अवघड होता की प्रकाशकाच्या आग्रहावरून बेथोव्हनने १८२६मध्ये दुसरा, हलका शेवट लिहून दिला. काही रेकॉर्डींवर हा आहे, काहींवर तो, काहींवर दोन्ही. पहिल्या खेपेला हलका शेवट असलेली घ्या. फ्यूग नंतर कधीतरी, सकाळच्या वेळी.